पीजेची प्रतिकृती : खानदेशातील एका लुप्त लोहमार्गाचे मोजमाप

मुंबईहून भुसावळकडे जाताना चाळीसगाव मागे पडले आणि जळगाव अद्याप दूर असले, म्हणजे मध्ये पाचोरा हे जे स्थानक लागते, त्या स्थानकाच्या आवारात मोठ्या गाड्यांच्या रुळांपासून थोडे अलग, परंतु त्यांच्याच आश्रयाने वसलेले असे एक धाकटे रेल्वेजग शंभर वर्षे नांदत होते. त्या जगात रुळांमधील अंतर अवघे २ फूट ६ इंच, म्हणजे ७६२ मिलिमीटर होते. शेजारच्या ब्रॉडगेज मार्गाचे अंतर ५ फूट ६ इंच असल्यामुळे धाकट्या रुळांवरची गाडी थोरलीच्या निम्म्याहूनही अरुंद पायावर उभी असे. पाचोऱ्याहून ती निघाली की वरखेडी, पिंपळगाव, शेंदुर्णी, पहूर आणि भागदरा ही स्थानके घेत ५६ किलोमीटरांवरील जामनेरला पोहोचे आणि तिथून पुन्हा त्याच वाटेने परत येई. कागदोपत्री ती पाचोरा-जामनेर रेल्वे होती; साऱ्या पंचक्रोशीला मात्र ती केवळ ‘पीजे’ म्हणून ठाऊक होती. १९१८-१९ च्या सुमारास सुरू झालेली ही गाडी २०२० च्या मार्च महिन्यात, साथीच्या भयाने देशातील सगळ्याच प्रवासी गाड्या थांबल्या तेव्हा, थांबली. पुढे इतर गाड्या एकामागून एक पूर्ववत झाल्या. पीजे झाली नाही.

एखादा लोहमार्ग बंद पडला म्हणजे त्याच्या संबंधाने हळहळ व्यक्त करणारे पुष्कळ असतात, आणि ती हळहळ खरीही असते. परंतु हळहळीतून त्या मार्गाचे रूप काही टिकून राहत नाही. पीजेविषयी आज पाचोऱ्यात किंवा जामनेरात कोणासही विचारले, तर तिची मंद चाल, तिची गर्दी, तिचे नाममात्र भाडे आणि शाळाकॉलेजाला जाणाऱ्या मुलांचा तिच्यातील गलका यांचे वर्णन तो प्रेमाने करील. पण शेंदुर्णीच्या स्थानकात किती रूळ होते, मालाचा धक्का फलाटाच्या कोणत्या अंगाला होता, पहूरला इंजिनाला पाणी कोठे मिळे, हे प्रश्न केले की तोच मनुष्य विचारात पडेल. हे सारे जपून ठेवण्याचा माझ्या मते सर्वांत विश्वसनीय, आणि आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित, असा मार्ग म्हणजे त्या रेल्वेची प्रमाणबद्ध प्रतिकृती करणे हा होय. प्रतिकृती म्हटले की मुलांचे खेळणे डोळ्यांपुढे येते. परंतु लुप्त झालेल्या रेल्वेची प्रतिकृती ही वस्तुतः इतिहासलेखनाचीच एक शाखा असून, तीत लेखकाला गुळमुळीत वाक्य लिहून वेळ मारून नेण्याची मुभा नसते, हे या लेखात मला विस्ताराने सांगावयाचे आहे.

प्रथम ती रेल्वे का झाली ते पाहू. खानदेशची काळी जमीन आणि कापूस यांचे नाते जुने आहे. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे १८६१ ते १८६५ या काळात लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला, तेव्हा मुंबई बंदरातून जाणाऱ्या कापसाला जो भाव आला, त्याने या मुलखाचे भाग्य पालटले. आणि त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वे, म्हणजे जुन्या लोकांच्या तोंडची जीआयपी, थळ घाट ओलांडून खानदेशातून वऱ्हाड-नागपुराकडे सरकत होती. १८६७ साली ती नागपुरास पोहोचली. मुख्य मार्गाच्या काठची गावे पेठा बनली, जिनिंग-प्रेसिंगचे कारखाने उभे राहिले, भुसावळ तर रेल्वेमुळेच नगरपदाला चढले. परंतु मार्गापासून दहा-वीस कोसांवरील शेतकऱ्याला आपला माल बैलगाडीनेच आणावा लागे, आणि काळ्या जमिनीतील गाडीवाट ही पावसाळ्यात चिखलाची व उन्हाळ्यात भेगांची असल्यामुळे हे काही कोसांचे अंतर मुंबईपर्यंतच्या शेकडो मैलांपेक्षा अधिक कष्टाचे ठरे. अजिंठ्याच्या डोंगरपायथ्याचा, वाघूर आणि कांग या नद्यांच्या काठचा जामनेर तालुका नेमका याच अडचणीत होता.

ब्रॉडगेजचा फाटा घालावा तर त्याचा खर्च परवडण्याइतकी वाहतूक नव्हती. अशा ठिकाणी काय करावे याचे उत्तर महाराष्ट्रानेच जगाला दाखवून दिले होते. एव्हरार्ड कॅलथ्रॉप या इंग्रज स्थापत्यकाराने १८९७ साली सुरू केलेल्या बार्शी लाइट रेल्वेत २ फूट ६ इंचांचे माप स्वीकारले आणि प्रत्येक आसावर पाच टनांपेक्षा अधिक भार पडू द्यावयाचा नाही, हे एकच सूत्र इंजिनापासून मालडब्यापर्यंत सर्वांना सारखे लागू केले. भार बेताचा, म्हणून रूळ हलके. रूळ हलके, म्हणून पूल व भराव स्वस्त. वळणे तीव्र घेता येतात, म्हणून खोदाई कमी. आजचे कुर्डुवाडी, म्हणजे तेव्हाचे बार्शी रोड, येथून निघालेली ती रेल्वे पुढे पंढरपूर, लातूर आणि मिरजेपर्यंत पसरली आणि हेच माप विदर्भात मूर्तिजापूरहून यवतमाळ व अचलपूरकडे जाणाऱ्या, लोकांनी ‘शकुंतला’ म्हणून लाडावलेल्या मार्गांनीही घेतले. पीजे ही त्याच कुळातील आहे. तिची कंपनी वेगळी असली, तरी गाडी चालविण्याचे काम जीआयपीकडे होते. फाट्याच्या कंपनीने भांडवल उभारावयाचे, मुख्य रेल्वेने उत्पन्नाचा ठराविक हिस्सा घेऊन वाहतूक चालवावयाची, ही त्या काळची सर्वत्र रूढ झालेली व्यवस्था होती. ॲक्वर्थ समितीने १९२१ सालच्या आपल्या अहवालात अशा फाटा-कंपन्यांच्या गुंतागुंतीविषयी प्रतिकूल अभिप्राय दिला. पण तोवर पीजेचे रूळ पडून गाडी धावू लागली होती, आणि तीही महायुद्धामुळे पोलाद दुर्मीळ झाले असताना व हिंदुस्थानातील काही फाट्यांचे रूळ उखडून युद्धाच्या मुलखात पाठविले गेले असताना. नवा फाटा घालण्याचा तो काळ नव्हे. तरी तो घातला गेला, यावरून जामनेरच्या कापसाची निकड किती होती हे समजते.

स्वस्त मापाची एक किंमत मात्र कायमची भरावी लागते. जामनेरहून निघालेली गठाण पाचोऱ्याला आली की तिथे धाकट्या डब्यातून उतरवून थोरल्या डब्यात चढवावी लागे; हमाली, वेळ आणि फाटलेले बारदान हा सगळा भुर्दंड त्या एका स्थानकात पडे. याच्या तुलनेला शेजारच्याच धुळ्याचे उदाहरण घ्यावे. चाळीसगाव-धुळे हा फाटा १९०० साली सुरू झाला. लांबी जवळजवळ पीजेएवढीच, मुलूखही तसाच कापसाचा, परंतु माप ब्रॉडगेजचे. त्यामुळे धुळ्यात भरलेला डबा मध्ये न उघडता मुंबईस जाऊ शके. आज धुळ्याचा फाटा विजेवर चालतो आहे आणि जामनेरचा इतिहासजमा झाला आहे. दोन्ही गावांच्या दैवातील हा फरक रुळांमधील तीन फुटांत साठविलेला होता, असे म्हटल्यास त्यात अतिशयोक्ती फार थोडी होईल. स्वातंत्र्योत्तर काळात डांबरी सडका झाल्या, १९४८ साली राज्य परिवहनाची एसटी सुरू झाली आणि पुढे ती गावोगाव पोहोचली, मालमोटारी थेट जिनिंगच्या दारात उभ्या राहू लागल्या, आणि ज्या मालासाठी रेल्वे बांधली तो माल तिच्यापासून हळूहळू दुरावला. उरले ते प्रवासी. शेंदुर्णीच्या त्रिविक्रमाच्या यात्रेला जाणारे भाविक, बाजारच्या दिवशी टोपल्या घेऊन चढणाऱ्या बायाबापड्या, नोकरीसाठी पाचोऱ्याला येऊन मोठी गाडी पकडणारे चाकरमाने, आणि ज्यांना एसटीचे भाडेही जड वाटे असे मजूर. या लोकांसाठी पीजे ही जुन्या काळची गंमत कधीच नव्हती. ती त्यांची रोजची वहिवाट होती, आणि म्हणूनच तिच्या बचावासाठी कृती समिती उभी राहिली, निवेदने गेली, आंदोलने झाली.

आता प्रतिकृतीकडे वळू. लोहमार्गाची प्रतिकृती करणाऱ्यांच्या जगात प्रमाण ही पहिली प्रतिज्ञा असते. सर्वाधिक प्रचलित प्रमाण १:८७ हे आहे; म्हणजे प्रत्यक्षातील ८७ मिलिमीटर ते प्रतिकृतीतील १ मिलिमीटर. पुण्याच्या कोथरुडात भाऊ जोशी यांनी आयुष्यभराच्या छंदातून उभे केलेले आणि १ एप्रिल १९९८ रोजी लोकांसाठी खुले झालेले लघुरेल्वे संग्रहालय ज्यांनी पाहिले असेल, त्यांना या प्रमाणाची ओळख आहेच. त्या संग्रहालयात गाड्या, सिग्नल, रस्ते, दिवे यांचे एक संपूर्ण काल्पनिक नगर हालतेबोलते होते, आणि असे काही एका व्यक्तीच्या चिकाटीने महाराष्ट्रात होऊ शकते याचा तो सज्जड पुरावा आहे. पीजेच्या बाबतीत १:८७ या प्रमाणाची एक सोय अशी, की ७६२ मिलिमीटरांना ८७ ने भागले असता पावणेनऊ मिलिमीटर येतात आणि बाजारात ९ मिलिमीटर मापाचे लहान रूळ व त्यांवर धावणाऱ्या इंजिनांचे सांगाडे तयार मिळतात. पाव मिलिमीटराचा हा फरक डोळ्याला कळत नाही. ज्यांना डब्याच्या खिडकीची कडी आणि बाकड्याची फळीदेखील दाखवावयाची असेल, त्यांनी १:४८ हे प्रमाण घ्यावे. तिथे माप सुमारे १६ मिलिमीटर येते आणि साडेसोळा मिलिमीटरांचे रूळ सर्वत्र उपलब्ध आहेत.

प्रमाण ठरले की पहिला धक्का बसतो तो लांबीचा. पाचोरा ते जामनेर हे अंतर १:८७ या प्रमाणात ६४४ मीटर भरते. असे दालन कोणाकडेही नाही. म्हणून प्रतिकृतीकाराला निवड करावी लागते, आणि इथेच त्याचे काम कारागिराकडून इतिहासकाराकडे जाते. सात स्थानकांपैकी कोणते घ्यावे? दोन स्थानकांमधील शेतांचा किती भाग दाखविला असता अंतराचा भास होईल? जो भाग गाळला तो गाळल्यामुळे रेल्वेचा स्वभाव तर बदलत नाही ना? चरित्रकार नायकाच्या सत्तर वर्षांतून काही प्रसंग निवडतो, त्याहून हा विवेक निराळा नाही. एक मात्र नियम पाळावा : लांबी आखडली तरी चालेल, रुंदी व उंची आखडू नये. स्थानकाचे आवार लांबीत तिसऱ्या हिश्शाने कमी केले तर पाहणाऱ्याच्या ध्यानात येत नाही. पण डब्याची उंची दोन मिलिमीटरांनी चुकली, तर ज्याने त्या डब्यात उभे राहून प्रवास केला आहे त्या मनुष्याला काहीतरी परके वाटते आणि ते काय, हे त्याला सांगताही येत नाही.

काही गोष्टी प्रमाणात उतरतच नाहीत, त्यांचेही भान ठेवले पाहिजे. वेग उतरतो : ताशी २५ किलोमीटरांनी जाणारी गाडी १:८७ मध्ये सेकंदाला ८ सेंटिमीटर सरकली पाहिजे, आणि ही चाल इतकी संथ असते की विजेची छोटी मोटर ती सहजासहजी धरीत नाही, नवखे हौशी लोक गाडी भरधाव सोडतात आणि तेवढ्यानेच पीजेचा प्राण जातो. वजन उतरत नाही, कारण ते लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींच्या गुणाकाराने कमी होते. ३० टनांचे इंजिन धरले तर त्याचे वजन १:८७ मध्ये ५० ग्रॅमसुद्धा भरत नाही, आणि इतके हलके यंत्र रुळाला धरून राहत नाही, म्हणून आत शिसे भरावे लागते. धूर उतरत नाही, पाणी उतरत नाही. वाघूर नदीचा पूल करावयाचा तर पाण्याचा प्रश्न बहुधा आपोआप सुटतो, कारण खानदेशातील नदी वर्षातून कितीतरी महिने वाळूचीच असते; तेथे वाळूचा रंग, पात्रातील बाभळी आणि कडेच्या खडकाचे थर हेच खरे दाखवावयाचे असते.

रंगांविषयी थोडे अधिक सांगितले पाहिजे, कारण परदेशी पद्धतीच्या सामानाने केलेल्या प्रतिकृती याच ठिकाणी फसतात. तयार मिळणारे गवत हिरवेगार असते, तयार झाडे पाइनची असतात, तयार घरांना उतरती लाल छपरे असतात. यांपैकी एकही वस्तू शेंदुर्णी किंवा पहूरच्या परिसरास लागू नाही. इथली जुनी घरे धाब्याची, म्हणजे मातीच्या सपाट छताची. झाडे निंब, बाभूळ, चिंच यांची, आणि ४० फुटी निंब १:८७ मध्ये १४ सेंटिमीटर उंच होतो, म्हणजे तो स्थानकाच्या इमारतीवर आच्छादन धरून उभा राहिला पाहिजे. पुष्कळ प्रतिकृतींत झाडे माणसाच्या डोक्याएवढीच केलेली असतात. जमीन काळी, पण काळी म्हणजे काजळासारखी नव्हे : जून अखेरीस ती ओली व जवळजवळ निळसर दिसते, कार्तिकात कपाशीच्या पांढऱ्या बोंडांखाली ती राखाडी होते, आणि वैशाखात भेगाळून तपकिरी. रुळांखालची खडी बसाल्टची, म्हणून तीही करडी. या काळ्या मातीचा रेल्वेच्या चालीशीही संबंध आहे. ती पावसात फुगते, उन्हात आकसते, त्यामुळे तिच्यावरील भराव दर वर्षी थोडाथोडा हलतो आणि हलक्या रुळांची पातळी बिघडते. नॅरोगेजची गाडी डुलत डुलत जाते ती केवळ जुनी म्हणून डुलत नाही. उत्तम प्रतिकृतीकार रुळांची एखादी सांधाजोड हेतुतः अर्ध्या मिलिमीटराने खाली बसवतो, म्हणजे डबा तिथे मान लववितो.

प्रतिकृती करताना एकच वर्ष, किंबहुना एकच ऋतू, निश्चित करावा लागतो. ‘पूर्वी’ या शब्दाने बोलण्यात काम भागते. टेबलावर मात्र इंजिन एक तर वाफेचे असेल किंवा डिझेलचे असेल. उत्तरकाळात नॅरोगेजवर झेडडीएम या वर्गाची डिझेल इंजिने आली. त्या नावातील झेड हे अक्षर अडीच फुटी मापाचे, डी डिझेलचे आणि एम हे प्रवासी व माल या दोन्ही कामांचे निदर्शक आहे. वाफेचे इंजिन निवडले की त्याबरोबर पाण्याची टाकी, कोळशाचा साठा, राख काढण्याचा खड्डा आणि इंजिनाचे तोंड फिरविण्याची काही तरी सोय, अशी सगळी गृहस्थी मांडावी लागते. डिझेल निवडले की ही गृहस्थी मोडकळीस आलेली दाखवावी लागते. मालवाहतूक दाखवावयाची तर धक्क्यावर गठाणी, बाहेर कापसाने शिगोशीग भरलेल्या बैलगाड्यांची रांग, आडत्याचा माणूस, तोलाचा काटा हे सारे आले. शेवटचा काळ दाखवावयाचा तर तोच धक्का रिकामा, गवत उगवलेला. दोन्ही चित्रे सत्य आहेत, पण एकाच फळ्यावर ती एकत्र ठेवली तर दोन्ही असत्य होतात.

या कसोटीमुळेच मला प्रतिकृतीची तुलना धुळ्याच्या एका थोर परंपरेशी करावीशी वाटते. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ प्रसिद्ध करताना अस्सल कागदाचा जो आग्रह धरला, त्याने मराठी इतिहासाला शिस्त लावली. १९२६ च्या अखेरीस धुळ्यातच त्यांचे देहावसान झाले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ त्या नगरीत स्थापन झाले. दफ्तरे, रुमाल, सनदा जपण्याची जी दृष्टी खानदेशाने तेव्हा दाखविली, ती विसाव्या शतकातील यंत्रयुगाच्या अवशेषांनाही लावली पाहिजे. रेल्वेचा अस्सल कागद म्हणजे काय? चालक-गार्डांसाठी छापलेले कामकाजाचे वेळापत्रक, ज्यात प्रत्येक स्थानकातील रूळ, वेगाच्या मर्यादा आणि फाटके यांची नोंद असते, स्थानकाचा आराखडा, पुलांची नोंदवही, भूमिसंपादनाच्या वेळचे कागद, भूमी अभिलेख कचेरीतील गावनकाशे, ज्यांवर शेतांच्या गटांना छेदीत जाणारी रेल्वेची चिंचोळी पट्टी दिसते. यांतील बराच भाग सरकारी दफ्तरात असतो आणि मार्गाचा उपयोग संपला की दफ्तराचाही उपयोग संपला अशा समजुतीने तो निकालात निघण्याचा धोका असतो. कागद नसेल तिथे जमिनीवरचा दगड हाच दस्तऐवज : फलाटाची कड, इमारतीचा जोता, मोऱ्यांची रुंदी ही फितीने मोजता येतात.

आणि कागद व दगड दोन्ही मुके राहतात तिथे माणसाला विचारावे लागते. एकेरी मार्गावर चालकाला पुढे जाण्याचा अधिकार कोणत्या चिन्हाने मिळत असे, फाटक कोण लावी, जामनेरला इंजिन गाडीच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे नेण्यास किती वेळ लागे, यात्रेच्या दिवशी जादा डबे कोठून येत, हे ज्यांनी ते काम केले त्या निवृत्त पॉइंट्समनांना, गँगमनांना व गार्डांनाच ठाऊक. त्यांना ‘तुमच्या आठवणी सांगा’ असे म्हटले तर ते दोन वाक्ये सांगून थांबतील. परंतु त्यांच्यापुढे पुठ्ठ्याचे कच्चे स्थानक मांडून ‘काका, सांधा इथे होता की तिथे?’ असे विचारले तर त्यांचा हात आपोआप पुढे जातो, चुकीचा रूळ उचलला जातो, आणि त्याबरोबर त्या सांध्यावर घडलेली हकीकत बाहेर पडते. पाचोऱ्याकडचा गडी ती अहिराणीत सांगेल, जामनेरकडचा तावडीत. दोन्ही जशीच्या तशी ध्वनिमुद्रित करून ठेवावी. रेल्वेला स्वतःला ही गोष्ट नवी नाही. स्टेशनमास्तर आणि गार्ड यांना शिकविण्यासाठी रेल्वेच्या प्रशिक्षण संस्थांत, आपल्या भुसावळच्या संस्थेतही, मॉडेल रूम असते, जिथे लहान रुळांवर सांधे व सिग्नल चालवून नियम समजावून दिले जातात. ज्या साधनाने सेवेत येणाऱ्याला शिकविले, त्याच साधनाने सेवेतून गेलेल्याकडून आपण शिकावयाचे आहे.

परदेशात या मार्गाने काय साध्य झाले त्याचे एकच उदाहरण देतो. इंग्लंडच्या डेव्हन परगण्यात लिंटन-बार्नस्टेपल या नावाची सुमारे दोन फुटी मापाची एक छोटी रेल्वे १८९८ साली सुरू झाली आणि मोटारींपुढे टिकाव न लागून १९३५ साली बंद पडली. रूळ काढले, इंजिने विकली, सारे संपले. परंतु त्या रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी लोकांनी तिचे डबे, तिची स्थानके, तिचे पूल यांची मापे पिढ्यान्पिढ्या शोधून, तपासून, आराखड्यांत उतरवून ठेवली. आणि जेव्हा पुढच्या पिढीतील लोकांनी तिचे एक मूळ स्थानक विकत घेऊन काही अंतर पुन्हा रूळ टाकले व २००४ सालापासून गाडी चालविली, तेव्हा ती मापे व ते प्रेम दोन्ही कामास आले. आपल्याकडे नागपूरच्या मोतीबागेत २००२ सालापासून नॅरोगेजचे संग्रहालय आहे आणि ते पाहण्यासारखे आहे. अन्यत्र मात्र जुने इंजिन रंगवून स्थानकापुढच्या चौथऱ्यावर चढविले की स्मारक झाले असे आपण मानतो. चौथऱ्यावरच्या इंजिनाविषयी मला अनादर नाही. पण ते कोणता डबा ओढी, कोणत्या वळणावर धापा टाकी, त्याला पाणी कोण पाजी, यांपैकी काहीही ते सांगत नाही.

पीजेच्या बाबतीत वेळ फार नाही. पाचोरा-जामनेर मार्गाचे ब्रॉडगेजमध्ये रूपांतर करून तो पुढे भुसावळ-नागपूर मार्गावरील बोदवडपर्यंत नेण्याचे, एकूण सुमारे ८४ किलोमीटरांचे काम मंजूर झालेले आहे. ते झाले म्हणजे जामनेर हे फाट्याचे शेवटचे टोक न राहता दोन मुख्य मार्गांना जोडणाऱ्या वाटेवरचे गाव होईल, पाचोऱ्यातील माल उतरविण्या-चढविण्याचा तो जुना भुर्दंड कायमचा सरेल, आणि या तालुक्याला शंभर वर्षांपूर्वी जे नाकारले गेले ते मिळेल. यात आनंदच आहे, आणि पीजेवर प्रेम करणाऱ्याने त्या कामाला विरोध करण्याचे कारण मला दिसत नाही. मात्र मोठ्या मापाला मोठे भराव, सरळ वळणे, रुंद मोऱ्या लागतात. जिथे नवा मार्ग जुन्याच्याच अंगावरून जाईल तिथे जुन्याची मापे त्या दिवसापासून अप्राप्य होतील.

तेव्हा आरंभ कोठून करावा, असे मला कोणी विचारले तर मी पहूरचे नाव घेईन. पाचोरा हे मोठे स्थानक आहे, पण तिथे ब्रॉडगेजचा पसारा धाकट्या रेल्वेला झाकून टाकतो. जामनेरला शेवटच्या टोकाची ऐट आहे. शेंदुर्णीला देवाची यात्रा आहे आणि ते स्थानक दुसऱ्या क्रमाने अवश्य घ्यावे. पण पहूर हे जळगाव-अजिंठा सडकेवरचे, वाघूरच्या काठचे, जिथे रेल्वे आणि सडक यांची गाठ पडते असे ठिकाण. ज्या सडकेने पुढे रेल्वेचा माल नेला ती सडक आणि ज्या नदीच्या उगमाकडे अजिंठ्याची लेणी आहेत ती नदी, दोन्ही एकाच फळ्यावर येतात. त्याचे आवार २०० मीटरांचे धरले तर १:८७ मध्ये ते सव्वादोन मीटर होते, म्हणजे पाऊण-पाऊण मीटरांच्या तीन फळ्या, ज्या शाळेच्या वर्गात जुळवून ठेवता येतात आणि एका रिक्षेत नेता येतात. ऋतू कार्तिकाचा घ्यावा, कापूस वेचणीचा, बैलगाड्यांच्या रांगेचा. काळ वाफेच्या इंजिनाचा. फितीचे एक टोक धरावयास पाचोरा, शेंदुर्णी व जामनेर येथील शाळा-महाविद्यालयांतील मुले आहेत, दुसरे टोक धरावयास ज्यांनी त्या रेल्वेत नोकरी केली ते आजोबा आहेत. आणि जो आराखडा तयार होईल त्याची एक प्रत धुळ्याच्या राजवाडे मंडळात, एक जळगावच्या विद्यापीठात आणि एक पहूरच्याच शाळेत, मापांच्या मूळ टिपणवहीसकट, ठेवावी.